शंभूच्या पेटीला लावलेला कौल

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही. पण खाली कॉमेंटमध्ये येऊन ‘ड्रम बडवून बडवून कान गेले असतील’ असं मात्र लिहू नका. कानांचं काय झालं ते पुढे येईलच.

१९ जानेवारी २०१३. शनिवारची संध्याकाळ. गोव्यातल्या साखळी गावाचं मैदान.

तिथे त्या दिवशी साताठशे माणसं होती... त्यांतला मी एक.

गुरुदासमामा हा माझ्या आईचा सख्खा भाऊ. तो राहतो मुळगावात. मी राहतो तुयेला, तिथल्या एका कारखान्यात कामाला आहे. मैदानावरचं मी डोळ्यांनी पाहिलं. बाकीचं मामाने मला सांगितलंय. तीन वेळा सांगितलंय, आणि तिन्ही वेळा शब्दाला शब्द तसंच. थापा मारणाऱ्याचं कुठेतरी काहीतरी बदलतं. मामाचं बदललं नाही, हीच माझी अडचण आहे.

मामा ‘बार्ज’ या बँडचा ड्रमर. हेवी मेटल. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला ‘पत्रे बडवणं’ म्हणायची. १९८८ साली चार मित्रांनी हा बँड काढला. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून जेमतेम वर्ष झालेलं. मराठी की कोकणी यावरून भावाभावांनी अबोला धरलेला. आणि हे चौघे दोन्ही भाषांत गाणी ओरडायला लागले, त्यामुळे शिव्याही दोन्हीकडून खाल्ल्या.

गिटारवर सिद्धेश, साखळीचा हार्डवेअरवाला. बेसवर रामचंद्र, बँकेत कारकून. ड्रमवर मामा, खाणीच्या वर्कशॉपात फिटर.

आणि गायचा शंभू.

शंभू सिंधुदुर्गातून आलेला, खनिजाच्या टिपरवर, म्हणजे ट्रकवर, क्लीनर. त्याचा आवाज असा, की इंजिन चालू असतानाही पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला त्याची हाक ऐकू जायची. तो १९९३ च्या मे महिन्यात गेला. त्यानंतर बँडला धड गायक मिळाला नाही. कोण ना कोण यायचा, चार कार्यक्रम करायचा आणि जायचा.

शेवटी गायला उभी राहिली मामाचीच मुलगी, सेजल.

वीस वर्षांची पोर. बारा वर्षं शास्त्रीय शिकलेली. देवळातल्या उत्सवात नाट्यगीत म्हणायला लागली की बाहेर विड्या ओढणारे आत येऊन बसायचे. बापाच्या बँडमध्ये ती हौसेने गायची, पण तिला पुढे गाण्यातच राहायचं होतं. दुसरं काही तिने कधी मनात आणलंच नव्हतं. मामाचा तिच्यावर एवढा जीव, की तिने पाणी मागितलं तर हा माणूस ड्रम सोडून उठायचा.

तर २०१३ साली ‘बार्ज’ला पंचवीस वर्षं होणार होती. साखळीला मोठा कार्यक्रम ठरला. पाच गाणी ठरलेलीच होती, ती नाही वाजवली तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या. पण वेळ होता सात गाण्यांचा. आणि बँडच्या पेजवर सगळ्यांची एकच मागणी चालली होती... जी गाणी तुम्ही कधी वाजवत नाही, त्यांतली दोन वाजवा.

कुठली दोन? यावरून भांडण.

६ जानेवारी, रविवार. दुपारचे साडेतीन. मामाच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे ते सराव करतात. चार महिन्यांपूर्वी खाणी बंद पडल्या होत्या. मामा घरी बसून होता. रस्त्यावर एकही टिपर नव्हता. मुळगावात एवढी शांतता कोणी कधी ऐकलेली नव्हती.

“‘फेरीबोट’ घेवया,” रामचंद्र म्हणाला. “बारा वर्सां वाजवक नाय आमी.”

“अकरा मिनटांचा गाणां ता. लोक मधी जेवान येतले,” सिद्धेश म्हणाला.

“मगे ‘उतरण’?”

“‘उतरण’ वाजवक माझी बोटां खय आसत? शुगरान खाल्ली.”

“‘तांबडी धूळ’ तरी?”

“तेचे शब्द कोणाक येतत? शंभून कधी कागदार लिवलेल्यान?”

चौथ्या गाण्याचं नाव कोणीच काढत नव्हतं. ते सेजलने काढलं.

“पेजार सगळे ‘तळ’ मागतत. ‘तळ’ कित्याक नको?”

रामचंद्र बेसची वायर सोडवायला लागला.

‘तळ’ हे गाणं ‘बार्ज’ने आयुष्यात एकदाच वाजवलं होतं. डिसेंबर १९९२, पणजी, स्पर्धेची अंतिम फेरी. पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याची एक घासलेली कॅसेट तेवढी लोकांमध्ये फिरत राहिली.

विषय बदलायचा म्हणून मामाने मस्करी केली. त्या मस्करीसाठी तो आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो. मी पाहिलंय.

“भांडतास कित्याक?” तो म्हणाला. “कौल लावया.”

“देवाक असले प्रश्न इचारतत काय रे?” रामचंद्र म्हणाला.

“देवाक नाय. शंभूक.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे अडलं-नडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जमीन घ्यायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, कौल मिळाल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. आणि एकदा कौल मिळाला की तो मोडत नाहीत.

शेडच्या कोपऱ्यात शंभूची पेटी होती. म्हणजे स्पीकर. खाणीवर यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्यांतून मामाने तो स्वतःच्या हाताने बनवला होता. शंभूचा आवाज त्यातूनच बाहेर पडायचा. वीस वर्षं त्याला वायर जोडलेली नव्हती. वर रंगाचे डबे ठेवलेले असायचे.

डबे खाली उतरवले. धूळ पुसली. सेजलने केसांतली अबोली काढून दिली. मामाने पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि जाळीवर दोन बाजूंना लावल्या. रामचंद्राने हात जोडले आणि देवळातला सूर काढला.

“बा शंभू म्हाराजा! ही जी काय तुझी पोरां आज तुझ्या पुढ्यात उभी आसत, तेंका ‘फेरीबोट’ वाजवची की नाय, ता तू दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाकीचे हसत हसत ओरडले.

काहीच झालं नाही. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.

‘उतरण’ला डावी पडली. सिद्धेशने आभार मानले. ‘तांबडी धूळ’लासुद्धा डावी पडली.

“आता ‘तळ’,” सेजल म्हणाली.

मामाने इथे लबाडी केली. उजवी पाकळी त्याने चांगली भिजवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. डावी नुसती टेकवली, जेमतेम ओली. शेडमध्ये पंखा नव्हता. बाहेर माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती.

रामचंद्राने तोंड उघडलं. “बा शंभू म्हा...”

उजवी पाकळी पडली.

घसरली नाही. आतून कोणी टिचकी मारावी तशी उडाली... आणि मामाच्या पायाशी येऊन पडली.

“परत,” मामा म्हणाला.

परत लावली. परत उजवी.

तिसऱ्या वेळी मामाने डावी पाकळी भिजवलीच नाही. कोरडीच जाळीला टेकवून हात काढला. ती खाली पडायलाच हवी होती... पण ती तिथेच राहिली. उजवी पडली.

आता कोणी हसत नव्हतं.

आणि मग पेटीतून ठसका ऐकू आला.

एकच. कोरडा. खाणीवरच्या धुळीत राबणारी माणसं सकाळी उठल्यावर खोकतात तसा. मामाने इतरांकडे पाहिलं. सिद्धेश तारा जुळवत होता. रामचंद्र पाकळ्या गोळा करत होता. त्यांनी काही ऐकलं असं वाटलं नाही. मामाने मनाची समजूत घातली, की पत्रा तापून वाजला असेल.

विनोदिनीमामी चहा घेऊन आली. तिने पेटी पाहिली, पाकळ्या पाहिल्या. तिचे वडील गुरव, कौलाचा सगळा व्यवहार तिने लहानपणापासून पाहिलेला. तिने ट्रे खाली ठेवला.

“ह्या काय केल्यात तुमी?”

“मस्करी गो,” मामा म्हणाला.

“ज्येका कौल लावलात, तेका तुमी देव केल्यात. मेलेल्या माणसाक असा बसवतत? आता तो सांगात ता करूक होया.”

“आनी नाय केला तर?” त्याने विचारलं.

“मोडूचा आसात तर येकच वाट आसा. तेचा तुमच्याकडे काय ऱ्हवला आसात, तुमच्या हातून काय चुकला आसात, तर सगळ्यांच्या देखत तेच्या पुढ्यात उघड बोला. माफी मागा. तरच तो सोडतलो.”

“आमच्याकडे तेचा काय ऱ्हवला?” सिद्धेश म्हणाला. “चाय दे गो.”

मामाकडे मात्र राहिलं होतं. आणि ते फक्त त्यालाच माहीत होतं.

ते काय, ते आता सांगतो.

‘तळ’च्या शेवटी एकच ओळ आहे. ‘अजून तळ लागना.’ तीच पुन्हा पुन्हा, दर फेरीला सूर वर. किती फेऱ्या घ्यायच्या ते गाणारा ठरवतो. त्याने हात वर केला की ड्रमर शेवटचा ठोका देतो आणि सगळे थांबतात. थोडक्यात, गाणं संपवायचं ड्रमरच्या हातात.

पणजीच्या त्या दिवशी शंभूला चार दिवसांचा ताप होता. घसा सुजलेला. “आज ‘तळ’ नको,” तो म्हणाला होता. बाकीच्यांनी ऐकलं नाही, त्यांना बक्षीस हवं होतं.

सहाव्या फेरीला शंभूने हात वर केला.

मामाने तो पाहिला.

पण समोरची माणसं उभी राहिली होती. परीक्षक उभे राहिले होते. चोवीस वर्षांच्या मामाला वाटलं, अजून एक. मग अजून एक. शंभूने मान वळवून मागे पाहिलं, हात तसाच वर. मामाने मान खाली घातली आणि तो वाजवत राहिला. मधेच थांबलो तर बक्षीस जाईल, म्हणून शंभूही गात राहिला. सहाव्यानंतर नऊ फेऱ्या झाल्या. शेवटच्या तीन फेऱ्यांत त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ येत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

त्या दिवसानंतर शंभूचा आवाज परत आला नाही. बोलायचासुद्धा.

“हात दिसलोच नाय रे,” मामाने सगळ्यांना सांगितलं. “लायटी डोळ्यांर होत्यो.”

सगळ्यांनी विश्वास ठेवला. शंभू काही सांगू शकत नव्हता. तो नुसता बघायचा.

पाच महिन्यांनी खाणीवर एक टिपर मागे घेत होते. टिपर मागे येत असताना पाठीमागे उभं राहून ड्रायव्हरला ‘थांब’ म्हणून ओरडणं, हे क्लीनरचं काम. शंभू मागे उभा होता. पाठीला दरड होती. तो ओरडला असणारच. ड्रायव्हरला काही ऐकू आलं नाही.

हे ओझं मामाने वीस वर्षं कोणाला दाखवलं नाही. आणि आता मामी म्हणत होती, उघड बोला. सगळ्यांच्या देखत. म्हणजे सेजलच्याही देखत. मामाला इतर कोणाचं काही वाटत नव्हतं. पण पोरीच्या नजरेतून उतरायची त्याची तयारी नव्हती. ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला अजून माफ करू शकलेलो नाही.

सराव सुरू झाले. कौल ‘तळ’चा मिळालाय, एवढंच सगळ्यांनी धरून ठेवलं. दुसरं गाणं म्हणून ‘फेरीबोट’ घेतली.

चौथ्या दिवशी पहिली खूण दिसली.

मामा पडवीत बसून तांदूळ निवडत होता. मामी एकदम समोर येऊन उभी राहिली.

“कान फुटले काय तुमचे? पोर कवाची हाक मारता जेवक.”

“कोणी हाक मारली?”

सेजल दारातच उभी होती, चार हातांवर. “तीनदा मारलंय पपा,” ती म्हणाली. हे त्याला स्पष्ट ऐकू आलं. आधीच्या तीन हाका... नाही.

मग असं रोज व्हायला लागलं. ती बोलत असायची आणि मधलंच एखादं वाक्य गायब. तिचे ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही. त्याच वेळी चुलीवरच्या भाताचा बुडबुड ऐकू यायचा. शेजारच्या बोळातली कोंबडी ऐकू यायची. फक्त तीच नाही.

आणि शेडमध्ये ‘तळ’ सुरू झालं, की सेजलच्या आवाजाखाली आणखी एक आवाज. भरदार, पुरुषाचा. अगदी हळू... दूरच्या डोंगरावरून हाक यावी तसा.

मामा घाबरला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो साखळीला सिद्धेशच्या दुकानात गेला.

“‘तळ’ नको रे. काढ ता.”

“कौल मिळालो आसा.”

“तरी नको. सेजलच्या गळ्याक काय झाला तर?”

सिद्धेशने खिळ्यांचं माप तसंच तराजूत ठेवलं आणि मामाकडे पाहिलं. “गुरु, माका येकच कारण दी. खरां कारण. दिलंस तर आत्ता काढतंय.”

मामा सांगतो की शब्द जिभेवर आले होते. माका हात दिसलेलो. एवढे तीनच शब्द. सिद्धेशला सांगितले असते तरी ‘तळ’ गेलं असतं. पण सिद्धेशच्या तोंडात काही राहत नाही, रात्रीपर्यंत ते सेजलला कळलं असतं.

“अवघड आसा गाणां,” मामा म्हणाला. “म्हणान.”

“बारा वर्सां गाणां शिकला तुझा चेडू. तेका अवघड?” सिद्धेश हसला आणि पुन्हा खिळे मोजायला लागला.

कार्यक्रम संध्याकाळी सातला सुरू झाला. दहाला आवाज बंद करायचा नियम, पोलीस येऊन बजावून गेले होते. मी पुढून तिसऱ्या रांगेत होतो. ‘फेरीबोट’ला खरंच काही लोक जेवून आले. सेजल त्या दिवशी अशी गात होती, की मला माझ्या मामेबहिणीचा अभिमान वाटला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी ‘तळ’ सुरू झालं.

सेजलने आठव्या फेरीला हात वर करायचा, असं ठरलं होतं. मामाने मनाशी गाठ बांधली होती, की डोळे तिच्या उजव्या हातावरून हलवायचे नाहीत. हात नुसता थरथरला तरी थांबायचं.

आठवी फेरी झाली. हात खालीच.

नववी. दहावी.

आता मी जे सांगतोय ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. अकराव्या फेरीला सेजल माईकमध्ये म्हणाली, “पपा, पुरे.”

आणि लगेच पुढची ओळ गायला लागली. वरच्या सुरात. तिची मान ताठ झाली होती.

“पपा, पुरे!” बाराव्या फेरीनंतर.

“पपा, थांब ना!” तेराव्या.

सिद्धेश थांबला. रामचंद्र थांबला. नुसता ड्रम वाजत होता, आणि सेजल गात होती. ड्रम वाजतोय तोवर तिचं तोंड मिटतच नव्हतं. नंतर तिने सांगितलं, की हात वर उचलतच नव्हता, कोणीतरी कोपराला धरून लोंबकळावं तसा जड. श्वास घ्यायला जी फट मिळायची, त्यात ती बापाला हाक मारत होती. माईक चालू होता. साताठशे माणसांनी ऐकलं. बायका ओरडायला लागल्या. “थांबव रे तेका! पोर मरतली!”

मामा वाजवत होता. नजर तिच्या हातावर. चेहरा शांत.

त्याला काय ऐकू येत होतं? तो सांगतो... गिटार चालू होती. बेस चालू होता. लोक टाळ्या वाजवत होते. आणि सेजलचा आवाज नव्हता. शंभू गात होता. निरोगी, मोकळा, कुठेही न अडखळता, तापाआधीचा शंभू. आणि सेजलचा हात खालीच होता. मग थांबायचं कशाला?

चौतीस फेऱ्या झाल्या. मी मोजल्या नाहीत, पोलिसांनी नंतर कोणाच्या तरी मोबाईलवरच्या व्हिडिओवरून मोजल्या. शेवटी रामचंद्राने बेस टाकला आणि ड्रमवर अंग झोकून दिलं. काठ्या उडाल्या.

शांत झालं.

सेजल गुडघ्यांवर कोसळली. हनुवटीवरून रक्त गळत होतं. ती बापाकडे वळली आणि म्हणाली, “पपा, मी कितीदा हाक मारलंय तुका.”

आवाज फाटलेला होता. पण मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला.

मामा तिच्यापासून दोन हातांवर होता. त्याने तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं आणि विचारलं, “काय गो? पानी होया?”

सेजलचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

दोन महिन्यांनी ती बोलायला लागली. घोगरी, पण बोलायला लागली. गाणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, सूर पुन्हा लागणार नाही, हट्ट करू नका. तिने तानपुरा गुरुजींकडे परत पाठवला आणि तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ती बोलायला लागली हे मामाला मामीकडून कळलं.

त्याला तिचा आवाज ऐकू येतच नव्हता. आता मधलं वाक्यसुद्धा नाही, काहीच नाही. बसचा हॉर्न ऐकू यायचा. माझं बोलणं ऐकू यायचं. मांजर दुधाला तोंड लावायचं ते ऐकू यायचं. सेजल समोर बसून बोलायची, आणि त्याला फक्त ओठ दिसायचे.

तेव्हा मामाने उघड बोलायचं ठरवलं. उशिरा, पण ठरवलं. सिद्धेशला आणि रामचंद्राला बोलावलं. पेटीपुढे हात जोडून सगळं सांगितलं. हात दिसला होता. दिसूनही थांबलो नाही. सेजल मामीच्या शेजारी उभी राहून ऐकत होती.

पेटीतून काही आवाज आला नाही. पाकळी लावली तर ती वाळून जाळीला चिकटून बसली.

सेजलने मात्र ऐकलं होतं. तिच्या दृष्टीने आता सगळं जुळलं. ह्या माणसाने एकदा असंच केलं होतं. टाळ्यांसाठी. मग पोटच्या पोरीशी वेगळं कशाला वागेल?

मामा म्हणत राहिला, “बाय, माका तुझा आवाज आयकाक येवक नाय. आत्ताय येणा नाय.”

म्हापशाला नेऊन त्याचे कान तपासले. मीच गाडी काढली होती. रिपोर्ट स्वच्छ. पंचेचाळिसाव्या वर्षी पंचविशीतले कान, असं डॉक्टर कौतुकाने म्हणाले. सेजलने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून त्याच्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेली.

वीस वर्षांपूर्वी मामा खोटं बोलला तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. आता तो खरं बोलत होता, आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता.

पावसाळ्याआधी सेजल पुण्याला गेली. एका ऑफिसात कामाला लागली, टायपिंगचं काम, जिथे कोणाशी बोलावं लागत नाही. मामाचे मेसेज ती वाचायची. उत्तर नाही. मामीला फोन करायची, मामाचं नाव काढायची नाही.

गेल्या वर्षीच्या चतुर्थीला मी मुळगावात होतो. सकाळचे अकरा. मामी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होती, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला होता. सेजलचा फोन होता.

“पपा आसा?” सेजल म्हणाली. “दी तेका.”

मामीने डोळ्यांना पदर लावला आणि हाताने खूण केली. मामा पाटावरून धडपडत उठला. त्याने फोन दोन्ही हातांत धरला, आपण तान्हं मूल घेतो तसा.

स्पीकर चालू होता. मी आणि मामी सगळं ऐकत होतो.

“पपा,” सेजल म्हणाली. तिचा तो घोगरा आवाज. “चवथ आसा म्हणान फोन केलंय. माका आता राग धरून ऱ्हावक नाय होया. मी घराक येतलंय. फकत येकदाच खरां सांग. त्या दिसा माझी हाक तुका आयकाक येय होती? आयकान तू वाजवत ऱ्हवलंस?”

मामाने फोन कानाला घट्ट दाबला होता. तो माझ्याकडे बघत होता, डोळे भरलेले, तोंडावर हसू. पोरीचा फोन आला होता एवढंच त्याला कळलं होतं. काहीतरी बोलायला हवं, नाहीतर ती ठेवून देईल, एवढंच.

मी हात हलवले. मामी झारा टाकून धावली.

“व्हय गो बाय,” मामा म्हणाला. “व्हय, व्हय.”

फोन बंद झाला.

मामीने तो प्रश्न त्याला सांगितला. मी सांगू शकलो नसतो. मामाने ऐकून घेतलं आणि फोन परत कानाला लावला.

मी सेजलला त्याच दिवशी अकरा वेळा फोन केला. मग तिचा तो नंबर बंद झाला. पुण्याला जाऊन तिच्या दारातसुद्धा उभा राहिलो. तिने दार उघडलं, मला आत घेतलं, चहा दिला. मी सगळं सांगितलं. कौल, पेटी, ठसका, सगळं. तिने ऐकून घेतलं.

“दादा,” ती म्हणाली, “तू भोळो आसस.”

हे लिहिताना मी पुन्हा पुन्हा तोच विचार करतोय. मामाला खरंच ऐकू येत नाही, असं मला वाटतं. मला तसं वाटायला हवं. पण फोनवर तो ‘व्हय’ म्हणाला ना, त्याआधी तो थांबला होता. बरोबर तिचा प्रश्न संपेपर्यंत.